तिसरं पेडल

सगळे उलटं करतात.
ऑटोमॅटिक उपटून चार गिअरचा दांडा बसवतात,
मग आठवडाभर गल्लीतून उगाच गाडी गुरगुरवत फिरतात.
मी मात्र मार्चमधल्या एका शनिवारी
शेव्हेलच्या पोटाखाली पाठीवर सरकत गेलो
चांगला चालता गिअरबॉक्स उतरवायला.

गाडी अडुसष्टची. माझी नाही, आर्डिथची.
लग्नाच्याही आधीची. घरात मी नंतर आलो.
गिअरबॉक्स इथलाच, मन्सीचा,
जिथे तो घडला तिथे आता कुंपण आहे आणि आत गवत.
तिच्या मामाने अठ्ठावीस वर्षं तिथे दात मोजले.
गिअरचे. हा विनोद तिचा, माझा नाही.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी तिचा डावा पाय
गुडघ्याखालून काढला. साखर.
घरी आल्यावर खुर्चीतूनच तिने गॅरेजचं दार उघडायला लावलं,
बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली,
"उजवा आहे ना? मग दोन पेडलांची कर."
जणू पडदे बदलायचे होते.

शाफ्ट निघाला. बोल्ट निघाले, एक सोडून.
त्या एकाने अख्खी दुपार खाल्ली.
फ्लायव्हील उतरलं. मागे, क्रँकच्या तोंडात,
अंगठीएवढं पितळी बुश रुतून बसलेलं,
आणि ते ओढायचं हत्यार माझ्याकडे नाही.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती ओरडली, "पाव घे."
पाव?
"ओला कर. भोकात ठास. वर दांडा लाव आणि हाण.
मामा तसंच करायचा."
मी ठासत गेलो, हाणत गेलो,
सात स्लाइस गेले, मला माझीच लाज वाटायला लागली,
आणि आठव्याला ते बुश
दुधाचा दात निघावा तसं
अलगद तळहातावर आलं.
बाहीला ओल्या पावाचा वास, त्यात ग्रीसचा.

संध्याकाळी कोकोमोहून टोबायस आला गिअरबॉक्स न्यायला.
बावीस-तेवीस वर्षांचा, मनगटावर पिस्टन गोंदलेला.
"इतका कोरा माल, कोणी काढतं का?"
मी काही बोललो नाही. खिडकीकडे पाहिलं.
त्यानेही पाहिलं, आणि टोपी काढली.
मोजताना वीसची एक नोट जास्त आली.
मी ती परत दिली.
दयेचे सुटे आमच्याकडे नसतात.

नवा ऑटोमॅटिक म्हणजे जुनाच, एका भंगार पिकअपमधला,
जॅकवर चढवताना माझ्यापेक्षा जड वाटला.
क्लचचं पेडल मी सगळ्यात शेवटी काढलं.
रबर एकाच कडेला झिजलेलं, आतल्या,
ती पाय जरा तिरका ठेवायची म्हणून.
ते विकलं नाही. कुठे ठेवलं तेही सांगितलं नाही.
तिने विचारलं नाही.

एप्रिलात बाहेर पडलो, नदीच्या कडेकडेने.
प्लास्टिकचा पाय तिने मागच्या सीटवर टाकलेला, छत्री टाकावी तसा.
पहिल्या थांब्याच्या पाटीशी उजव्या पायाने ब्रेक लागला,
आणि तिची डावी मांडी ताठ झाली,
गुडघा किंचित उचलला, खाली गेला.
नसलेल्या पायाने नसलेला क्लच.
मी पाहिलं. मी पाहिलं हे तिने पाहिलं.
"गप्प बस," ती म्हणाली. मी गप्पच होतो.

पुढे रस्ता सरळ, दोन्हीकडे मक्याची खुंटं,
हिवाळ्यातलं मीठ अजून डांबराच्या कडेला पांढरं.
तिने दाबलं. आवाज चढत गेला, चढत गेला,
आणि जिथे एवढी वर्षं तिचा हात दांड्याकडे जायचा
बरोबर तिथे ती पुटपुटली, "आत्ता."
गाडीने ऐकलं. पण अर्धा श्वास उशिरा.
"झोपाळू आहे," ती म्हणाली.
पुन्हा वेग, पुन्हा "आत्ता", पुन्हा तो अर्धा श्वास.

व्हॅक्यूमची नळी कुठेतरी हवा सोडत असणार.
सोमवारी बघतो.